गरोदर राहिले, आता रोजच्या गोळीचे काय?

या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध गरोदरपणात चालू ठेवावे की बंद करावे, हा तो प्रश्न. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु ते तसे लांबू देणे मला आवश्यक वाटले.

प्रश्न : माझे वय २६ वर्षे असून लग्नाला दीड वर्ष झाले आहे. मला चौदाव्या वर्षापासून फिट्स येत असत. व्हॅल्प्रोएटची गोळी सुरू केल्यापासून गेली चार वर्षे एकही फिट आलेली नाही. लग्न ठरवताना आईवडिलांनी ही गोष्ट सासरी सांगितली नव्हती, त्यामुळे मी गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या डबीत ठेवते. सध्या मला सातवा आठवडा सुरू आहे. या गोळीमुळे बाळात व्यंग येते असे मोबाइलवर वाचले आणि चार दिवसांपूर्वी मी ती बंद केली. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी ‘आणखी काही औषधे चालू आहेत का?’ असे विचारले, तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी नाही म्हणाले. मी केले ते बरोबर आहे का? (कृपया नाव व गाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : तुमचे पत्र हाती पडले त्याच दिवशी संपादकांमार्फत तुमच्याशी संपर्क साधला होता, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्याजोगा हा प्रश्न नव्हता. त्या वेळी जे थोडक्यात सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे. तुमच्यासारखीच डबी स्वयंपाकघरात किंवा कपाटात लपवून ठेवणाऱ्या इतर मुलींनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही जे वाचले ते खोटे नाही. फिट्सवरील प्रचलित औषधांमध्ये गर्भाच्या दृष्टीने व्हॅल्प्रोएट हे सर्वांत जोखमीचे मानले जाते. कोणतेही औषध न घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांमध्येही दर शंभरात दोन ते तीन बाळांना जन्मतः काही मोठा दोष असतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या बाळांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते आणि मात्रा जितकी जास्त तितका धोका वाढतो. मणक्याचा व मज्जारज्जूचा दोष, हृदयाचे दोष, फाटलेली टाळू हे त्यांतील काही प्रकार आहेत. याशिवाय या मुलांपैकी शंभरात तीस ते चाळीस जणांना पुढे बोलणे, शिकणे, लक्ष एकाग्र करणे यांत अडचणी येऊ शकतात, असे युरोपातील औषध नियामकांनी नोंदवले आहे. म्हणूनच तेथे २०१८ पासून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना हे औषध देण्यावर कडक बंधने घालण्यात आली आहेत. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून फिट्स असलेल्या गर्भवतींची नोंदवही ठेवली जाते, आणि तेथील अनुभवही व्हॅल्प्रोएटबाबत सावधच करणारा आहे.

तरीही गोळी एकाएकी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अनेक महिने किंवा वर्षे घेतलेले फिट्सचे औषध अचानक थांबवले, तर मेंदूवरील बंधन एकदम सुटते आणि आधी येत नव्हत्या इतक्या जोरदार, कधीकधी एकापाठोपाठ एक थांबतच नाहीत अशा फिट्स येऊ शकतात. संपूर्ण शरीर आखडणाऱ्या दीर्घ फिटमध्ये आईच्या रक्तातील प्राणवायू कमी होतो, आणि बाळाला मिळणारा प्राणवायू आईच्याच रक्तातून जात असतो. पडून पोटाला मार बसणे, पाण्यात बुडणे, भाजणे हे धोके वेगळेच. काही वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यातील एक मुलगी कोपरापर्यंत भाजलेला हात घेऊन माझ्याकडे आली होती. शेगडीवर दूध तापत असताना तिला फिट आली होती. तिनेही बाळाच्या काळजीपोटीच गोळी सोडली होती, आणि तिचे औषध तर तुलनेने निर्धोक असलेल्यांपैकी होते. तिला कोणी विचारले असते, किंवा तिने कोणाला विचारले असते, तर तो हात भाजला नसता, ही खंत मला आजही आहे.

आता वेळेचा मुद्दा. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजल्यास सहाव्या आठवड्याच्या अखेरीस बंद होते. तुमचा सातवा आठवडा सुरू असल्याने त्या विशिष्ट दोषापुरते बोलायचे तर जे व्हायचे ते होऊन गेलेले आहे, आणि शंभरातील सुमारे नव्वद बाळांमध्ये मोठा दोष नसतो हेही तितकेच खरे आहे. मात्र मेंदूची वाढ पूर्ण नऊ महिने चालते, त्यामुळे ‘आता काय उपयोग’ असे म्हणून आहे ते औषध तसेच रेटत राहणेही योग्य नाही. औषध कमी करता येईल का, दिवसातून दोन-तीन वेळा विभागून देता येईल का, की लॅमोट्रिजीन अथवा लेव्हेटिरासिटाम यांसारख्या कमी जोखमीच्या औषधावर सावकाश नेता येईल, हे मेंदूविकारतज्ज्ञांनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून ठरवायचे असते. त्यासाठी तुमच्या फिट्स कोणत्या प्रकारच्या होत्या, पूर्वी कोणती औषधे लागू पडली नव्हती, हे सारे पाहावे लागते. काही प्रकारच्या फिट्स व्हॅल्प्रोएटशिवाय आटोक्यात राहत नाहीत, म्हणून मी येथे बसून ‘हे बंद करा, ते सुरू करा’ असे सांगणे चुकीचे ठरेल. चार दिवस चुकलेली गोळी पुन्हा किती मात्रेने सुरू करायची हेही त्यांनाच विचारायचे आहे, आणि पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत न थांबता विचारायचे आहे.

फॉलिक ॲसिडची गोळी प्रत्येक गर्भवतीला दिली जाते, परंतु फिट्सची औषधे घेणाऱ्यांना बहुधा ५ मिलिग्रॅमची, इतरांपेक्षा बरीच मोठी मात्रा दिली जाते. ती इवलीशी पिवळी गोळी क्षुल्लक समजू नका. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी, अठरा ते वीस आठवड्यांची व्यंगे पाहणारी सविस्तर सोनोग्राफी आणि त्यानंतर बाळाच्या हृदयाची तपासणी या तीन गोष्टी तुमच्या बाबतीत चुकवता येणार नाहीत. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही कोणते औषध घेत होता हे ठाऊक असेल, तर ते पाठीचा कणा आणि हृदय अधिक बारकाईने पाहतात. त्यांना ते कळायला मात्र हवे.

आणि येथेच तुमच्या पत्रातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट येते, ती म्हणजे कॅल्शियमची डबी. रात्री-अपरात्री तुम्हाला फिट आली आणि घरच्यांनी रुग्णालयात नेले, तर गरोदर स्त्रीला आलेला झटका म्हणून डॉक्टर प्रथम वाढलेल्या रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांचा विचार करतील. खरी माहिती देणारे कोणी शेजारी नसेल, उपचाराची दिशा बदलेल आणि मोलाचा वेळ जाईल. म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढेच म्हणा की ‘मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे’. आतील तपासणीच्या निमित्ताने नातेवाइकांना बाहेर बसवणे आम्हाला सहज जमते, आणि रुग्णाने सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीवाचून घरच्यांना न सांगणे हे आमच्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर पतीला विश्वासात घ्या. ते काम डॉक्टरांच्या समोर करणे पुष्कळदा सोपे जाते, कारण आजाराविषयीच्या शंकांना तिथल्या तिथे उत्तर मिळते. एक गोष्ट तुम्हाला धीर देण्यासाठी सांगते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाला बाधा आणणारा आजार मानला जाई, परंतु १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकण्यात आला. केवळ फिट्स येतात या कारणाने तुमचे लग्न आज कोणी कायद्याने मोडू शकत नाही.

बाळंतपणानंतर स्तनपान करण्यास बहुतेक औषधांच्या बाबतीत हरकत नसते. त्या काळात जागरण हा खरा शत्रू असतो, म्हणून रात्रीचे एखादे दूध पाजण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणी घ्यावी. बाळाला पलंगावर न बसता जमिनीवर अंथरूण घालून पाजावे आणि एकटीने आंघोळ घालू नये.

ज्यांना फिट्सचे औषध चालू आहे पण दिवस राहिलेले नाहीत, त्यांच्याशी मला कळकळीने बोलायचे आहे. औषध बदलण्याची योग्य वेळ गर्भधारणेच्या आधीची असते. नवे औषध लागू पडते की नाही हे पाहण्यास काही महिने लागतात, आणि पाळी चुकल्याचे कळेपर्यंत मज्जारज्जूची नळी बंद होण्याचे दिवस जवळजवळ संपलेले असतात. मुलीचे लग्न ठरवतानाच आईवडिलांनी तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेऊन ‘पुढे मूल व्हायचे आहे’ असे स्पष्ट सांगितले पाहिजे. माझ्या अनुभवात, गोष्ट लपवण्यासाठी जितकी धडपड केली जाते तिच्या निम्म्यानेही ही भेट घेतली जात नाही.

प्रश्न : मला तीन वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. दिवस राहिल्यावर नणंद म्हणाली की ही गोळी गरम पडते, बाळंत होईपर्यंत घेऊ नकोस. मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गोळी मुळीच बंद करू नका. थायरॉक्सिन हे तुमच्या ग्रंथीने बनवायला हवे होते तेच संप्रेरक आहे, ते बाहेरून दिले जात आहे इतकेच. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करू लागलेली नसते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक आईकडूनच जाते. गरोदरपणात गरज कमी होत नाही, उलट बहुतेक स्त्रियांची मात्रा पाव ते निम्म्याने वाढवावी लागते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या, आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी ती तपासणी होऊ द्या.

एक चूक मी वारंवार पाहते. सकाळी चहा-नाश्त्याबरोबर थायरॉइड, लोह आणि कॅल्शियम अशा तिन्ही गोळ्या एकदमच घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून धरतात, मग मात्रा कितीही वाढवली तरी अहवाल सुधारत नाही. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्यावी, चहा किमान अर्ध्या तासाने घ्यावा, आणि लोह-कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी घ्यावे. लोह व कॅल्शियमही एकमेकांपासून दूर, म्हणजे एक दुपारी व एक रात्री, असे घेतलेले बरे.

प्रश्न : पत्नीला दिवस राहिल्याचे माहीत नसताना तिने चेहऱ्यावरील मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन पाच दिवस आणि दाढदुखीसाठी आयब्युप्रोफेनच्या दोन-तीन गोळ्या घेतल्या. दाढेचा एक्स-रेही काढला. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीचे म्हणणे आहे की धोका पत्करण्यापेक्षा हा गर्भ काढून टाकावा. आम्ही दोघेही फार घाबरलो आहोत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी एकीसाठीही गर्भपात करण्याची गरज नाही. हे मी अगदी स्पष्टपणे सांगत आहे, कारण हवाहवासा असलेला गर्भ केवळ भीतीपोटी काढून टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत औषधाचा परिणाम बहुधा ‘सर्व किंवा काहीच नाही’ अशा स्वरूपाचा असतो. एकतर गर्भ टिकतच नाही, नाहीतर तो पूर्णपणे सावरतो. अवयव घडण्याचा काळ तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा असतो. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळले जाते ते प्रामुख्याने चौथ्या महिन्यानंतर बाळाच्या घडणाऱ्या दातांवर डाग पडतात म्हणून. इतक्या लवकर घेतलेल्या पाच दिवसांच्या औषधाने ते होत नाही. दाढेच्या एक्स-रेमध्ये किरणांचा झोत जबड्यावर असतो आणि गर्भाशयापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. तरीही घेतलेल्या प्रत्येक गोळीचे नाव आणि तारीख एका कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांना द्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले होते का, हेही नीट तपासून पाहा. तसे असेल तर ही गोष्ट पूर्णपणे वेगळी होते, कारण ते औषध चेहरा, मेंदू व हृदय यांत गंभीर दोष निर्माण करते आणि ते बंद केल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. पाकिटावरचे मोठ्या अक्षरातील नाव कंपनीने दिलेले असते, त्याखालच्या बारीक अक्षरात खऱ्या औषधाचे नाव असते. ते वाचावे. कात्रीने कापून दिलेल्या दोन-चार गोळ्यांच्या तुकड्यावर पुष्कळदा ना नाव उरते ना मुदतीची तारीख, म्हणून औषधविक्रेत्याकडून बिल मागून घ्यावे.

यापुढील काळासाठी लक्षात ठेवायचे ते असे की विसाव्या आठवड्यानंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वर्गातील वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि गर्भजल कमी होते. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या संभाव्य त्रासासाठी लहान मात्रेत दिलेली ॲस्पिरिन हा याला अपवाद आहे. ती बंद करू नये. दुखण्यासाठी व तापासाठी पॅरासिटामॉल आजही पहिली निवड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या औषधाचा संबंध स्वमग्नतेशी जोडल्यापासून अनेक स्त्रिया अंगात ताप घेऊन तशाच बसून राहू लागल्या आहेत. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा असा संबंध दिसला नाही. उलट पहिल्या तिमाहीतील तीव्र ताप स्वतःच बाळाला अपायकारक ठरू शकतो.

ज्येष्ठांच्या भीतीमागे थॅलिडोमाइडची कहाणी आहे, ती समजून घेतली पाहिजे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध झोपेसाठी आणि गरोदरपणातील मळमळीसाठीही दिले गेले, आणि १९६१ च्या अखेरीस ते तेथील बाजारातून काढून घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांच्या आसपास मुले हातपाय खुंटलेल्या अवस्थेत जन्मली. त्यातून जगाने औषधतपासणीचे कडक नियम शिकले. परंतु त्याच भीतीने उलटी चूकही घडवली. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची उलट्यांवरची गोळी अमेरिकेत खटल्यांच्या ओझ्याखाली १९८३ मध्ये बंद झाली. बाळांतील व्यंगांचे प्रमाण त्याने घटले नाही, मात्र अति उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या गर्भवतींची संख्या वाढली. तीच गोळी २०१३ मध्ये तेथे परत आली, आणि आपल्याकडे आम्ही ती रोज लिहून देतो.

प्रश्न : वय ३७. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. दुसऱ्या मुलाचा विचार करत आहोत. गोळी चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ही गोळी चालणार नाही, पण रक्तदाबाचा उपचार चालूच राहिला पाहिजे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या औषधांनी, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे, बाळाची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तुम्ही आधीच विचारलेत हे फार चांगले केले. गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांकडून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी योग्य त्या औषधावर या. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचाही पुढे लाभ घ्या.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिला तिसरा महिना आहे. आमच्या ओळखीचे एक वैद्य गर्भ बळकट होण्यासाठी भस्माच्या गोळ्या देतात आणि मुलगाच व्हावा यासाठी एक पुडीही देतात. तेथील डॉक्टर काही देत नाहीत अशी तिची तक्रार आहे. मी या गोळ्या पाठवू का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : नका पाठवू. तुमच्या मनातील काळजी मला समजते. लेक सातासमुद्रापलीकडे आणि आपण काहीच करू शकत नाही, ही भावना आईला स्वस्थ बसू देत नाही. परंतु तुमच्या लेकीच्या शेजारच्याच न्यू यॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक पातळीवर आढळले होते आणि त्या सर्व जणी भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे नाळेतून थेट बाळात जाते, आईच्या हाडांत साठून राहते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. आयुर्वेदातील सर्वच औषधे अशी असतात असे मी म्हणत नाही, पण भस्मे आणि रसौषधी, म्हणजे धातू व पारा यांपासून केलेली औषधे, गरोदरपणात कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत. हे औषध ‘नैसर्गिक’ आहे असे म्हटल्याने ते नाळेपाशी थांबत नाही.

पुडीविषयी तर मला अधिक कठोरपणे बोलावे लागेल. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणी ठरून गेलेले असते, तिसऱ्या महिन्यात जगातील कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. उत्तर भारतात अशा पुड्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना त्यांत स्त्री-संप्रेरकांसारखे काम करणारे घटक आणि जड धातू आढळले असून, त्या घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात दोष अधिक दिसल्याचे त्यांनी नोंदवले आहे. लेकीच्या पोटात मुलगी असेल तर ती आपलीच नात आहे, तिला पुडीची शिक्षा कशासाठी?

तेथील डॉक्टर ‘काही देत नाहीत’ म्हणजे हयगय करतात असे समजू नका. फॉलिक ॲसिड आणि गरजेनुसार लोह यांपलीकडे निरोगी गर्भवतीला फारसे औषध लागतच नाही. पाठवायचेच असेल तर मेतकूट, नाचणीचे सत्त्व, भाजणी पाठवा. आणि यापूर्वी गोळ्यांची एखादी डबी तिच्यापर्यंत पोहोचली असेल व तिने त्यातल्या काही घेतल्याही असतील, तर तिला रागावू नका. ती डबी फेकून न देता तिच्या डॉक्टरांना दाखवून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यायला आज रात्रीच्या फोनवर सांगा.